‘डॉल्फिन दर्शन हमखास’ ही ओळ खोडा : सांगली-साताऱ्याच्या सहल आयोजकांना खुले पत्र

प्रति,
सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील सर्व सहल आयोजक, तसेच शाळांचे मुख्याध्यापक आणि सहल प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या विश्रामबागेतल्या घरी वर्तमानपत्राच्या घडीतून एक पत्रक आले. दोन दिवस कोकण, आरामगाडी, मुक्काम, दोन्ही वेळचे जेवण, त्यात एकदा मासे, आणि तळाला लाल चौकटीत ठळक अक्षरांत : ‘बोटीतून डॉल्फिन दर्शन, १०० टक्के हमखास. न दिसल्यास पैसे परत.’ पुढच्या आठवड्यात तशीच ओळ असलेली आणखी दोन पत्रके व्हॉट्सअ‍ॅपवर आली. त्यातले एक साताऱ्याहून माझ्या भाचीने पाठवले होते, ‘मावशी, जायचं का?’ असे विचारत.

हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे. ती तुमच्या पत्रकातून काढून टाका, एवढीच माझी विनंती. सहली बंद करा असे मी म्हणत नाही. जत, आटपाडी, माण, खटावच्या मुलांनी समुद्र पाहिलाच पाहिजे. पावसाची वाट पाहण्यात ज्यांचे लहानपण जाते त्या मुलांना एवढे पाणी एकदा डोळ्यांनी दिसावे, असे मला मनापासून वाटते. होडीत बसा, डॉल्फिन दिसला तर डोळे भरून पाहा. पण ‘हमखास’ आणि ‘पैसे परत’ या दोन शब्दांनी समुद्रावर काय होते ते मी पाहिले आहे. ते होत असताना मी टाळ्या वाजवत होते, म्हणून आधी तेच सांगते.

मी एकतीस वर्षे सांगलीतल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. बारा-तेरा वर्षांपूर्वी डिसेंबरात आठवीच्या सेहेचाळीस मुलांना घेऊन आम्ही चार शिक्षक कोकणात गेलो. रात्री दहाला गाडी सुटली. आंबा घाट उतरेपर्यंत निम्मी मुले पिशव्या धरून बसली होती आणि मी आलेपाकाच्या वड्या वाटत गाडीत पुढे-मागे फिरत होते. सकाळी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहानशा बंदरावर पोचलो. दोन होड्या ठरलेल्या होत्या. सगळ्यांना पुरतील इतकी लाईफ जॅकेट नव्हती. जी होती त्यांतल्या कित्येकांचे बंद तुटलेले होते. मी विचारले तेव्हा ‘लांब जायचं नाहीये बाई, हिथंच’ असे उत्तर मिळाले आणि मी ते मान्य केले.

किनाऱ्यापासून फार लांब गेलो नसू. पंधरा मिनिटांत पाण्यावर तीन पाठी दिसल्या, करड्या, मधे उंचवटा असलेल्या. दोन मोठ्या आणि एक लहान, फिकट रंगाची. मुले ओरडली, मीही ओरडले. तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, होडी सरळ त्यांच्या रोखाने घातली. ते बुडाले आणि डावीकडे वर आले. होडी डावीकडे वळली. तोवर त्याने मोबाईलवरून कुणाला तरी ‘हिकडं आहेत’ म्हणून सांगितले होते. बघता बघता सहा होड्या जमल्या. डिझेलचा धूर, सहा इंजिनांचा आवाज आणि दीडेकशे माणसांची आरडाओरड. लहानगा सारखा वर येत होता, मोठ्यांपेक्षा दुप्पट वेळा तरी. त्यातला एक मोठा दर वेळी आमच्या होडीच्या आणि पिल्लाच्या मधे निघायचा. मी हे सगळे पाहिले होते, नजरेतून सुटलेले नव्हते. पण तेव्हा मला तो खेळ वाटला. ‘काका, अजून जवळ घ्या, मागच्या मुलांना दिसत नाही,’ असे मीच म्हणाले.

दहा-बारा मिनिटांनी ते बुडाले ते पुन्हा वर आलेच नाहीत.

सहलीहून परतल्यावर मराठीच्या बाईंनी नेहमीप्रमाणे ‘आमची सहल’ हा निबंध दिला. त्या आजारी पडल्या म्हणून वह्या माझ्याकडे तपासायला आल्या. एका मुलाने लिहिले होते : ‘डॉल्फिन पुढे पळत होते आणि आमची होडी मागे होती. सहा होड्यांत आमची होडी पहिली आली.’ तो मुलगा कसबे डिग्रजकडचा. कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती लहानपणापासून पाहिलेला. त्याने समुद्रावर जे पाहिले ते अगदी बरोबर लिहिले होते. ती शर्यतच होती. मी त्या परिच्छेदाशेजारी लाल शाईने ‘छान’ असा शेरा दिला. त्या शेऱ्याची आठवण झाली की आजही मला वाईट वाटते.

त्या दिवसातली आणखी एक गोष्ट तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. दुसऱ्या होडीतल्या मुलांना नीट दिसले नाही. धक्क्यावर उतरल्यावर आयोजकाच्या माणसाने त्या होडीच्या तांडेलाचे पैसे कापले. दोघांची बाचाबाची झाली. तांडेल साठीचा असेल. तो म्हणाला, “मी पोरवयापासून यांना बघतोय. आम्ही जाळी टाकतो तेव्हा बाजूनं येतात, आपल्या वाटेनं जातात. तुमच्या सहलीला तसं नाही. दाखवला तर पैसे. नाही दाखवला तर डिझेलसुद्धा माझ्याच खिशातनं. मग मी मागं नको लागू तर काय करू?” आयोजकाच्या माणसाने पत्रक पुढे केले. त्यावर छापलेच होते. तेव्हा मला वाटले, बरे झाले, हा माणूस आमच्या मुलांच्या बाजूने भांडतो आहे.

तुमची हमी समुद्रावर अशी पोचते. तुम्ही सांगलीत किंवा साताऱ्यात बसून ग्राहकाला शब्द देता, तो पाळायची जबाबदारी तांडेलावर पडते, आणि त्याची किंमत शेवटी ज्याला तुमचे पत्रक वाचता येत नाही असा एक प्राणी मोजतो. तांडेलाला दोष देणे सोपे आहे, मीही पुष्कळ दिवस दिला. पण समुद्रात थांबायचे, इंजिन बंद ठेवायचे, लांबून दाखवायचे हे त्याला शिकवावे लागत नाही. ते परवडेल असा ठराव त्याच्याशी करावा लागतो.

आता थोडे विज्ञान सांगते.

आपल्या किनाऱ्याजवळ दिसतो तो बहुतेक वेळा कुबडवाला डॉल्फिन, पाठीवर उंचवटा असलेला. लांबी अडीच मीटरच्या आसपास. हा खोल समुद्रातला नव्हे, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातला, खाड्यांच्या तोंडाशी वावरणारा. म्हणूनच तो आपल्याला वीस मिनिटांच्या फेरीत दिसतो आणि म्हणूनच त्याला आपल्यापासून लांब जायला जागा नसते. त्याचे घर म्हणजे किनाऱ्याची अरुंद पट्टी. मासेमारी, बंदरे, सांडपाणी आणि आपल्या होड्या, सगळे त्याच पट्टीत. जागतिक पातळीवरच्या लाल यादीत त्याची नोंद संकटग्रस्त अशी आहे. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते, तेही दोन-तीन वर्षांनी, आणि ते दीर्घकाळ तिच्या दुधावर असते.

खाडीच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग कमी. हा प्राणी आवाज सोडतो, त्याचा प्रतिध्वनी ऐकतो आणि त्यावरून मासा कुठे आहे, खडक कुठे आहे, पिल्लू कुठे आहे ते ओळखतो. सहा इंजिने एकदम सुरू असतात तेव्हा त्याच्यासाठी काय होत असेल? भर गणपतीत डॉल्बीच्या भिंतीसमोर उभे राहून आपल्या हरवलेल्या लेकराला हाक मारून पाहा. आणि तो मासा नाही. आपल्यासारखाच फुप्फुसाने श्वास घेतो. वर येणे ही त्याची गरज आहे, आपल्याला दर्शन देण्यासाठी तो येत नाही. त्या दिवशी पिल्लू सारखे वर का येत होते हे मी वर्गात फळ्यावर शिकवलेले होते. लहान शरीरात श्वास कमी पुरतो. समुद्रावर मात्र मला ते आठवले नाही.

साताऱ्याच्या मंडळींना एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपली कृष्णा महाबळेश्वरी उगवते आणि बंगालच्या उपसागराला मिळते, म्हणून कोकणच्या समुद्राशी आपला काय संबंध असे वाटते. पण कोयनेचे जे पाणी वीज करण्यासाठी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडले जाते ते वाशिष्ठीत उतरते, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जाते आणि अरबी समुद्राला मिळते. पाटण तालुक्यात पडलेला पाऊस त्या खाडीच्या तोंडाशी पोचतो. त्या बाजूलाही तुमच्या सहलींच्या होड्या डॉल्फिन शोधत फिरतात.

आता दुसऱ्या समुद्रावरची गोष्ट. ही जरा सविस्तर सांगते, कारण हमी न देताही हा धंदा चालतो हे मी तिथे पाहिले.

२०२४ च्या फेब्रुवारीत मी, माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान श्रीलंकेला गेलो. दक्षिण टोकाला मातारा शहराजवळ मिरिसा नावाचे गाव आहे. यादवी युद्ध २००९ मध्ये संपल्यावर तिथे देवमासे दाखवण्याचा व्यवसाय वाढला. नोव्हेंबर ते एप्रिल हा हंगाम. तिथे दिसतो तो निळा देवमासा, पृथ्वीवर आजवर झालेल्या प्राण्यांत सगळ्यात मोठा. बहुतेक ठिकाणचे निळे देवमासे हंगामानुसार ध्रुवाकडच्या थंड पाण्याकडे चरायला जातात. इथले पुष्कळसे मात्र उत्तर हिंदी महासागरातच राहतात, हे श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डी व्होस यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून पुढे आणले. इथल्या देवमाशांचे खाणेही इतरांपेक्षा थोडे वेगळे, जवळा जातीची बारीक कोळंबी. आपण चटणी करतो तसला जवळा खाऊन एवढे शरीर उभे राहते, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

पहाटे साडेसहाला बोट सुटली. त्याआधी एक तरुण प्रत्येकाजवळ आला, लाईफ जॅकेटचा प्रत्येक बंद स्वतः ओढून पाहिला आणि वहीत नाव लिहिले. मग त्याने उभे राहून जे सांगितले ते मी त्याच रात्री डायरीत उतरवून ठेवले. काल काही दिसले नाही. आज दिसेल की नाही ते मला माहीत नाही. दिसला तर आपण शंभर मीटरवर थांबणार, तो सरकारी नियम आहे. त्याच्या वाटेत पुढे जाणार नाही. कुणी ओरडायचे नाही, एका बाजूला गर्दी करायची नाही. एवढे ऐकून एकही माणूस बोटीतून उतरला नाही.

अडीच तास काही नाही. बहिणीला बोट लागली, ती डोळे मिटून आल्याचा तुकडा चघळत बसली. क्षितिजावर मालवाहू जहाजांची रांग होती, पुणे-बंगळूर महामार्गावर ट्रक असावेत तशी, एक गेले की दुसरे. मग टपावरून कुणीतरी हात वर केला. लांबवर पाण्यातून उभा फवारा उठला, दोन-तीन मजली घराएवढा, आणि विरला. त्याखाली पाठ. पाठ सरकत राहिली, सरकतच राहिली, आणि किती तरी वेळाने शेवटी एक चिमुकला पर आला. दोन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल, साधारण तेवढे ते जनावर. पाण्याखालचा भाग फिकट निळा झळकत होता, मोरचुदाच्या द्रावणासारखा. बोटीवर पन्नास माणसे होती आणि त्याचा श्वास सोडण्याचा आवाज आम्हाला ऐकू आला, कारण इंजिन बंद होते.

सात-आठ श्वास घेऊन तो वाकला, शेपटी सावकाश वर आली, पाणी निथळले, आणि गेला. जिथे बुडाला तिथे पाण्यावर एक गुळगुळीत गोल राहिला, तेल सांडल्यासारखा. त्या तरुणाने सांगितले, हा त्याचा पायठसा. मग त्याने घड्याळ लावले. म्हणाला, दहा-बारा मिनिटे लागतील, थांबू. आम्ही पन्नास माणसे मधल्या समुद्रात कोऱ्या पाण्याकडे बघत गप्प बसून होतो. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत सुंदर बारा मिनिटे. आपल्याकडच्या सहलीत असे काही न दिसणारे, न घडणारे बारा मिनिट कुणी ठेवतच नाही.

हे वाट पाहणे फक्त शिष्टाचार नव्हे. निळ्या देवमाशाच्या हृदयाचे ठोके मोजण्याचा एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. खोल बुडी मारताना ते मिनिटाला दोनपर्यंत उतरतात आणि वर आल्यावर तीसच्या पुढे जातात, असे त्यात आढळले. म्हणजे वर आलेला देवमासा निवांत तरंगत नसतो. दम भरून घेत असतो. त्या वेळी बोट अंगावर घातली तर तो अर्ध्या दमावर पुन्हा खाली जातो. पोट भरण्याआधीच वर यावे लागते. असे दिवसाला किती वेळा, हंगामात किती दिवस, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

तिथे सगळे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. आम्ही थांबलो असताना आणखी चार बोटी आल्या. त्यांतली एक नियम धाब्यावर बसवून सरळ पुढ्यात गेली. आमच्या बोटीवरच्या एका प्रवाशाने आणखी जवळून दाखवण्यासाठी जास्तीचे पैसे देऊ केले. कप्तानाने मान हलवली आणि बोट किनाऱ्याकडे वळवली. त्याच्या बोटीच्या फलकावर ‘हमखास’ लिहिलेले नव्हते, म्हणून त्याला ते जमले. आणि देवमाशांना त्याहून मोठा धोका त्या क्षितिजावरच्या जहाजांचा. दोंद्रा टोकासमोरून जगातल्या अतिशय गजबजलेल्या सागरी मार्गांपैकी एक जातो आणि जहाजांच्या धडकेत देवमासे मरतात. २०२२ मध्ये एमएससी या बड्या जहाज कंपनीने आपली जहाजे तिथून आणखी दक्षिणेकडून न्यायचे ठरवले. शेकडो मीटर लांबीची जहाजे जनावरासाठी वाट बदलू शकतात, मग आपल्याला पत्रकातली एक ओळ बदलता येणार नाही का?

देवमासा म्हटले की आपल्या भागात हल्ली लोकांना एकच आठवते, ‘व्हेल माशाच्या उलटीची तस्करी’ ही बातमी. मुलांनी मला त्याचा किलोचा भाव विचारलेला आहे. ती उलटी म्हणजे स्पर्म व्हेल या जातीच्या आतड्यात माकूळ या समुद्री प्राण्याच्या न पचलेल्या चोचींभोवती साठणारा पदार्थ. आपल्याकडे त्याची विक्री हा गुन्हा आहे. पण देवमासे आपल्या समुद्रात खरोखर आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे? २०१५ मध्ये संशोधकांना सिंधुदुर्गच्या समुद्रात निळा देवमासा दिसला, पिल्लासह. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे ४२ फुटी निळा देवमासा येऊन पडला आणि मेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू वाळूत रुतले. वनखात्याची माणसे, मच्छीमार आणि गावकरी त्याच्यावर ओली फडकी टाकत, पाणी मारत जवळजवळ दोन दिवस झटले आणि त्याला खोल पाण्यात नेऊन सोडले. ते वाचले नाही. तरी त्या दोन दिवसांचे व्हिडिओ मी कित्येकदा पाहिले आहेत. ज्या किनाऱ्यावरची माणसे एका पिल्लासाठी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहतात, त्याच किनाऱ्यावर आपण घाटावरचे लोक पैसे मोजून दुसऱ्या पिल्लामागे होड्या लावतो.

आणि आपल्याला हे कळत नाही असे मुळीच नाही. औदुंबर, भिलवडीच्या डोहातल्या मगरी आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो. मगर काठावर ऊन खात पडली असेल तर शहाणा माणूस लांबूनच जातो. ती दाखवतोच अशी हमी मी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. चांदोलीच्या जंगलात गेलेला माणूस गवा दिसला नाही म्हणून तिकिटाचे पैसे परत मागत नाही. कास पठाराचे उदाहरण तर साताऱ्याच्या आयोजकांसमोरच आहे. जागतिक वारशाच्या यादीत २०१२ मध्ये नाव आले, गर्दी लोटली, गाड्या पठारावर चढल्या, फुले पायांखाली गेली. मग नोंदणी आली, शुल्क आले, दिवसाला किती माणसे सोडायची याची मर्यादा आली. सुरुवातीला कुरकुर झाली. आता सातारकर स्वतः पाहुण्यांना सांगतात की पायवाट सोडू नका. आणि टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, ती यंदा नाही, हे तुम्ही ग्राहकाला पटवून देताच ना? डॉल्फिनबद्दल तेच का सांगता येत नाही?

कायद्याचेही सांगते. डॉल्फिन आणि देवमासे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. त्या कायद्यातली शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. वन्यप्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हाकणे, आणि तसा प्रयत्न करणे हेही त्या व्याख्येत येते. तुमच्यापैकी कुणी शिकारी आहे असे मला म्हणायचे नाही. तुमच्यातले कितीतरी जण माझे विद्यार्थी आहेत, काही जण त्या सेहेचाळीस मुलांतलेही असतील. पण ‘न दिसल्यास पैसे परत’ असे छापून, पाठलाग केल्याशिवाय पुरा होणार नाही असा शब्द आपण देतो, हे एकदा शांतपणे वाचून पाहा.

मग करायचे काय? पत्रकावर ‘डॉल्फिन दिसण्याची शक्यता’ असे छापा. होडीचे भाडे फेरीचे ठरवा, दर्शनाचे नाही. दिसो न दिसो, तांडेलाला पूर्ण पैसे. उलट जो लांब थांबेल, इंजिन मंद करून बाजूने चालेल, दोनाहून जास्त होड्या जमल्या तर निघून येईल, त्याला वर चार पैसे द्या. सांगली-साताऱ्याच्या पाच-दहा आयोजकांनी मिळून असे ठरवले तरी एखाद्या बंदरावर फरक दिसेल, कारण हिवाळ्यात तिथल्या धक्क्यावर निम्म्या गाड्या एमएच १० आणि एमएच ११ च्या उभ्या असतात. तुम्ही गिऱ्हाईक आहात, तुमचे ऐकले जाते. फेरी वीस मिनिटांऐवजी पाऊण तासाची ठेवा, म्हणजे वाट पाहता येईल. पिल्लू दिसले तर थांबू नका, पुढे जा. ग्राहक नाराज होतील अशी भीती वाटत असेल तर गाडीतच, घाट उतरताना, त्यांना आधी सांगा. मिरिसाच्या त्या तरुणाने सांगितले तसे. आधी सांगितलेले माणसाला पटते, धक्क्यावर सांगितलेले पटत नाही.

आणि होडीतच बसले पाहिजे असेही नाही. अमेरिकेत सॅन डिएगोला १९५५ मध्ये एका मच्छीमाराने एक डॉलर घेऊन देवमासे दाखवायला सुरुवात केली, पण त्याच्या आधी लोक तिथल्याच टेकडीवर उभे राहून पाहत होते. दक्षिण आफ्रिकेतल्या हर्मानस या गावात देवमासे खाडीत आले की दवंडी देणारा माणूस आहे. समुद्री शेवाळाच्या पोकळ दांड्याचे शिंग फुंकून तो कुठे दिसले ते सांगतो आणि लोक कड्यावरून बघतात. आपला कुबडवाला डॉल्फिन तर किनाऱ्यालगतच असतो. सकाळच्या शांत पाण्यात एखाद्या बुरुजावर किंवा सड्याच्या, म्हणजे समुद्रालगतच्या उंच पठाराच्या, कडेला मुलांना बसवा, चार दुर्बिणी द्या, तासभर थांबा. मी गेल्या वर्षी दोन नातवंडांना घेऊन असेच बसले. तासाभरात एकदाच दोन पाठी दिसल्या, त्याही दूर. धाकट्याने त्या वेळेसह वहीत टिपून ठेवल्या आणि घरी येईपर्यंत वही कुणाच्या हातात दिली नाही.

मुख्याध्यापकांना वेगळी विनंती. लाईफ जॅकेट मोजून, बंद तपासून घेतल्याशिवाय एकही मूल होडीत चढवू नका. २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला होडी उलटून काय झाले ते आपल्या सांगली जिल्ह्याला विसरता येणार नाही. माझ्या सहलीत मी ‘लांब जायचं नाहीये’ हे उत्तर ऐकून गप्प बसले होते. सगळी मुले सुखरूप परतली. पण मी काळजी घेतली म्हणून नाही. होडीत ठरलेल्याहून एकही मूल जास्त बसवत असतील तर फेरी रद्द करा. त्यासाठी पालक तुमच्याशी भांडणार नाहीत.

यंदाच्या डिसेंबर-जानेवारीच्या सहलींची ठरवाठरवी आता सुरू झाली असेल. ज्या शाळेला किंवा आयोजकाला हवे असेल तिथे मी स्वखर्चाने येईन आणि निघण्याआधी मुलांशी तासभर बोलेन : डॉल्फिन श्वास कसा घेतो, पाण्यावरची पाठ कशी ओळखायची, पिल्लू असेल तर काय करायचे. सांगली, मिरज, तासगाव, इस्लामपूर, कराडपर्यंत मला एसटीने सकाळी येऊन संध्याकाळी परतता येते. माझ्याकडे दोन दुर्बिणी आहेत, त्या सहलीसाठी न्यायलाही देईन. फक्त परत आल्यावर मुलांनी लिहिलेले निबंध मला एकदा वाचायला द्या.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
विश्रामबाग, सांगली